अश्वत्थस्वामींची पुण्यतिथी

तात्यांनी अश्वत्थस्वामींना मारलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. भर दुपारी, देवळाच्या पारावर, चारचौघांच्या देखत मारलं आणि वर डोळ्यांना उपरण्याचं टोकही लावलं.

झालं असं, की कीर्तन नुकतंच आटोपलं होतं आणि नरसिंगराव जहागीरदार पिंपळाखाली ऐसपैस बसले होते. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गायलेला देवकीचा अध्याय त्यांना इतका लागला होता, की पुढं केलेला विडा त्यांच्या हातात तसाच राहिला होता.

"केसोबुवा," ते म्हणाले, "हे काव्य करणाऱ्या स्वामींचं दर्शन घ्यायचंय आम्हाला. पालखी पाठवतो. कुठं असतात ते?"

तात्यांचा चेहरा उतरला. ते काव्य करणारं माणूस कुठं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. ते आमच्या माजघरात वाती वळत बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी तेव्हा परकरी पोर होते, पण हे बोलायचं नाही एवढं मला कळत होतं.

"दर्शन आता कुठलं, रावसाहेब," तात्या म्हणाले. "गेल्या कार्तिकात स्वामींनी जलसमाधी घेतली. इथंच, कृष्णामाईच्या डोहात."

"अरेरे. तिथी कोणती?"

"वद्य पंचमी," तात्या म्हणाले. पंचमीच का, हे पुढं त्यांनाही सांगता आलं नाही.

"आणि पोथी?"

"पोथी माझ्या स्वाधीन करून गेले. कंसवधापर्यंत. संपूर्ण आहे."

नरसिंगरावांनी जोडे काढले आणि नदीच्या दिशेनं हात जोडले. त्यांच्या मागं पारावरच्या सगळ्यांनी जोडले. मग मीही जोडले, नाहीतर वाईट दिसलं असतं.

आता हे स्वामी जन्माला कसे आले तेही सांगायला हवं. काव्य माझ्या आत्याचं. अनूआत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. अंगावर लाल आलवण, कपाळापर्यंत घट्ट ओढलेला पदर, आणि जिभेला धार. तरुणपणीच ती माहेरी परत आली होती, ती कायमची. तिच्या सासरचं आमच्या घरात कुणी काही बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आत्या आमच्याच घरात उगवली अशी माझी समजूत होती.

देवळाच्या वाती करायचं काम तिच्याकडे होतं. एक ओवी जुळली की एक वात, अशी तिची पद्धत. ओवी तोंडात घोळवायची, कापूस तळहातावर वळायचा, दोन्ही पुरी झाली की वात सुपात ठेवायची. दुसऱ्या दिवशी तीच वात उचलून तीच ओवी पुन्हा म्हणायची. मी समोर बसत असे आणि ती अडली की पुढचं सांगत असे. लिहिता तिला येत नव्हतं. बाई अक्षर शिकली की नवरा मरतो, असं तेव्हा म्हणत. "माझा तर न शिकताच गेला," आत्या म्हणायची, "आता शिकून कुणाला मारू?" ओव्या पक्क्या झाल्या की दुपारी तात्या बोरू घेऊन बसत आणि ती सांगेल तसं उतरून घेत. मग ते कीर्तनात गात. ऐकणारे आपापल्या पोथ्या करून घेत, आणि त्या पोथ्या वाई-साताऱ्याकडं जात. तेव्हा छापखाने नव्हते. काव्य असंच गावोगाव फिरायचं.

त्यातली एक ओवी तेव्हाच सगळ्यांच्या तोंडी झाली होती:

बंदिशाळे नाहीं वात । काळोख दाटला आंत ।
पोटीं बाळाची हालचाल होत । तोचि उजेड देवकीसी ॥

अध्यायाच्या शेवटी करणाऱ्याचं नाव यावं लागतं, अशी रीत. नाव नसलेलं काव्य म्हणजे बेवारशी जनावर, कुणीही काठी घालावी. आणि सोवळ्या बाईचं नाव घातलं असतं तर तात्यांना देवळाची पायरी चढू दिली नसती कुणी. पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "बुवा, हे कोणाचं?" तेव्हा तात्यांनी घाबरून वर बघितलं. वर पिंपळ होता. "अश्वत्थस्वामींचं," ते म्हणाले.

हे ऐकून आत्या पोट धरून हसली होती. "नशीब, बाभळीखाली उभा नव्हतास," ती म्हणाली होती.

स्वामी वारल्याचं ऐकूनही ती आधी हसलीच.

"चांगलं केलंस, केसो. जिवंत स्वामी म्हणजे जिवाला घोर. उद्या त्याला पानावर कोण बसवणार होतं?" मग वात वळता वळता तिनं सहज विचारलं, "पोथी कुठवर आहे म्हणालास?"

"कंसवधापर्यंत."

तिच्या हातातली वात अर्धी राहिली.

"आणि पुढचा अध्याय?"

"पुढं काय उरलं, अक्का? कंस मेला, आईबापांच्या बेड्या तुटल्या, कृष्ण भेटला. आख्यान मंगलावर संपवायचं असतं, हे का मी तुला सांगावं?"

"आणि ती सहा?"

"कोण सहा?"

"देवकीची पोरं. कंसानं शिळेवर आपटलेली. त्यांचं काय?"

तात्यांनी कपाळाला हात लावला. "आहे ते भागवतात पुढं. कृष्ण त्यांना पाताळातून आणतो, ती आईचं दूध पितात आणि स्वर्गात जातात. पण ते कुणी गात नाही. मेलेल्या पोरांवर कीर्तन संपवलं तर लोक आरतीला थांबायचे नाहीत."

"तो एक अध्याय करता यावा म्हणून मी बाकीचे केले," आत्या म्हणाली.

हसणं तिच्या तोंडावरून गेलं होतं. तात्यांनी मान खाली घातली.

"नाव तुझ्या पिंपळाचं घाल," ती म्हणाली. "नावाचं मी काय लोणचं घालू? पण तो अध्याय माणसांच्या कानांवर पडला पाहिजे. एकदा. मग पोथी पाण्यात सोडलीस तरी मी विचारायची नाही."

"गाईन," तात्या म्हणाले. "शेवटची पानं मागाहून सापडली म्हणेन. पुण्यतिथीला गाईन, अक्का. शब्द देतो."

पुण्यतिथी म्हणजे काही लहानसहान प्रकरण उरलं नव्हतं. नरसिंगरावांनी मनावर घेतलं होतं. पिंपळाखाली चौथरा, चौथऱ्यावर स्वामींच्या दगडी पादुका, उत्सवाला गावजेवण. एके दिवशी पाथरवट दारात येऊन उभा राहिला. स्वामींच्या पायांचं माप द्या म्हणाला.

तात्या आत आले ते घामाघूम होऊन. स्वतःच्या पायांचं माप देण्याची त्यांची छाती होईना. आपल्याच पायांवर गावाला डोकं ठेवायला लावायचं म्हणजे केवढं पाप, असं ते पुटपुटत राहिले.

"मग ज्याचे आहेत त्याचेच दे," आत्या म्हणाली. तिनं पाऊल तांब्यातल्या पाण्यानं भिजवलं आणि ओसरीवर सुकत टाकलेल्या कोऱ्या मांजरपाटावर दाबलं. मग दुसरं. तात्यांनी कोळशानं कडा ओढल्या. मी तोंडावर हात दाबून हसत होते.

पाथरवट कापड बघून म्हणाला, "लई नाजूक पायांचं हुतं म्हनायचं स्वामी." पादुका बसल्यावर गावानंही तेच म्हटलं आणि कारणही गावानंच शोधलं: तपानं झिजले असणार. दगडावर फुलं पडू लागली. बायका नवस बोलू लागल्या. फक्त सोवळ्या बायकांनी लांबून नमस्कार करायचा, सावली पडता कामा नये, असं गुरवानं ठरवून टाकलं.

शेवटच्या अध्यायाला आत्याला फार वेळ लागला. एरवी ती हसत-बोलत, मला टपल्या मारत ओव्या करायची. आता वात वळून व्हायची आणि ती तशीच हातात धरून बसायची. श्रावण गेला, भाद्रपद लागला. पितृपक्षात आमच्या घरी आजोबा-पणजोबांची पानं मांडली गेली, तात्यांनी नावं घेऊन पाणी सोडलं, कावळ्यांना घास गेले. त्या दिवशी आत्या माजघरातून बाहेर आलीच नाही. संध्याकाळी बघितलं तर सूप वातींनी भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या बोरू घेऊन बसले. आत्या सांगू लागली.

साही आले पाताळाहून । देवकी घेई उराशीं धरून ।
म्हणे एकेकाचें मुख पाहून । उशीर कां रे केला ॥

तात्यांनी लिहिलं आणि "वा" म्हणाले. ते हरिदास होते. ओवी कशी आहे ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. आत्यानं पुढची वात उचलली.

ये रे मोरू ये रे धोंडू । भिकू राया नको रडूं ।
पान्हा किती आवरूं कोंडूं । आतां प्या रे ॥

बोरू थांबला.

"अक्का, त्या पोरांची नावं भागवतात दिलेली आहेत," तात्या अगदी हळू म्हणाले. "त्यात मोरू नाही. धोंडू नाही."

"भागवत व्यासांनी केलं," आत्या म्हणाली. "त्यांना कुठं पाजायचं होतं?"

तात्यांनी दौतीला टोपण लावलं आणि ते उठून परसात गेले. केळीला पाणी घालत राहिले, आळं भरून वाहू लागलं तरी घालत राहिले. आत्यानं ती वात सुपात परत ठेवली आणि मला म्हणाली, "मैने, तू तरी ऐक." मी सगळा अध्याय ऐकला. तिनं तो माझ्याकडून घोकून घेतला, रोज, महिनाभर. कागदावर तो दोन ओव्यांपुढं कधी गेलाच नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं, "मोरू कोण गं?"

आईनं पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. "ते नाव या घरात घ्यायचं नाही," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडं पाठ करून भाकरी थापत राहिली.

कार्तिक वद्य पंचमीला दुपारी उत्सव झाला. पिंपळाभोवती जत्रेसारखी गर्दी होती. पुढं नरसिंगराव, एका बाजूला जनानखान्यासाठी चिकाचा पडदा, त्याच्या अलीकडं गावच्या सवाष्णी, आणि अगदी मागं देवळाच्या भिंतीला लागून सोवळ्या बायका. आत्या तिथं वातींचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. शेवटच्या अध्यायाच्या वाती तिनं आरतीसाठी आणल्या होत्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

तात्या त्या दिवशी असे गायले, की तसे ते आधी गायले नाहीत आणि नंतरही नाहीत. बंदिशाळा आली, यमुनेचा पूर आला, गोकुळ आलं, कंस पडला. देवकीच्या बेड्या तुटल्या तेव्हा माणसं रडत होती. तात्यांनी चिपळ्या थांबवल्या आणि गर्दीवरून मागं, आमच्या दिशेनं बघितलं. आत्या पुढं सरसावून बसली. मला वाटलं, आता.

तात्यांनी डोळे मिटले आणि गायले:

कृष्ण देखतां नयनीं । सुखें निवाली जननी ।
साही बाळांची कहाणी । विसरली ते ॥

ही ओवी आत्याची नव्हती. मी तिच्या सगळ्या वाती ओळखत होते. "अश्वत्थ म्हणे झालें मंगल," असं म्हणून तात्यांनी हात जोडले, आणि टाळ थांबले.

त्या शांततेत आत्या म्हणाली, "नाही विसरली."

मोठ्यानं म्हणाली नव्हती. पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोण बोललं?" नरसिंगरावांनी वळून विचारलं.

आत्या उठून उभी राहिली. मी तिचं आलवण धरून ओढत होते, तरी उभी राहिली. "देवकी विसरली नाही," ती म्हणाली. "पुढं अध्याय आहे."

"तुम्हाला काय ठाऊक, बाई? पोथी बुवांच्या स्वाधीन आहे." ते रागावले नव्हते, नुसते चकित झाले होते. त्यांनी तात्यांकडं बघितलं. "काय बुवा? आहे पुढं अध्याय?"

सगळा गाव तात्यांकडं बघत होता. तात्या आत्याकडं बघत होते. एवढा वेळ गेला, की मला वाटलं ते आता खरं सांगणार. त्यांनी ओठ उघडलेही होते.

"ती माझी बहीण आहे, रावसाहेब," ते म्हणाले. "तिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नये. देवीच्या साथीत एका आठवड्यात तिची तिन्ही पोरं गेली. पाठोपाठ नवरा गेला. तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नसतं."

माझ्या हातातून आलवण सुटलं. मला तीन आत्येभाऊ होते, हे मला गावाबरोबर कळलं. मोरू थोरला. पाठच्यांना दृष्ट लागू नये म्हणून दुसऱ्याला धोंडू म्हटलं आणि तिसऱ्याला भिकू म्हटलं. धोंड्याला आणि भिकेला कोण कशाला हात लावील, असं लोक धरून चालत. देवीनं तिघांनाही लावला.

बायकांमधून कुणीतरी चुकचुकलं. नरसिंगरावांचा चेहरा मऊ झाला. "बिचारी," ते म्हणाले.

आता आत्यानं एक वाक्य बोलायचं होतं. हे स्वामी झालेच नाहीत, हे काव्य माझं, ते पाय माझे, लावून बघा. जीभ तिची होतीच तशी. मी डोळे मिटून घेतले. आमची चूल, तात्यांची अब्रू, सगळं त्या जिभेवर होतं.

"खरं आहे," आत्या म्हणाली. "माझं चित्त थाऱ्यावर नसतं. बोलू नये ते बोलले."

मग ती सूप घेऊन आरतीसाठी पुढं निघाली. गुरव आडवा आला. "तिथंच ठेवा. पादुकांवर सावली पडंल." तिनं सूप तिथंच जमिनीवर ठेवलं. गुरवानं वाती तुपात बुडवून लावल्या. सगळा अध्याय पिंपळाखाली जळला आणि लोकांनी त्यावर हात फिरवून डोळ्यांना लावले.

घरी आल्यावर तात्या तिच्यासमोर बसले. पागोटंही काढलेलं नव्हतं.

"पडद्यामागं रावसाहेबांची सून होती," ते म्हणाले. "पोटुशी आहे. पहिलंच. ऐन वेळी सांगितलं मला, गोड शेवट ऐकवा म्हणून. तिच्यापुढं मेलेल्या पोरांचं कसं गाऊ, अक्का?"

आत्यानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. "मग गाऊ नयेच," ती म्हणाली. "मला आधी सांगितलं असतंस तर मीच नको म्हटलं असतं. पण विसरली कशाला म्हणालास? नुसतं गप्प बसला असतास."

तात्यांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं. ते रडू लागले. बापाला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"मुंजीआधी गेलेल्या पोराला पिंड नाही, तिथी नाही," आत्या म्हणाली. "माझ्या तिघांचं पान कुणी मांडत नाही. मांडायचंही नसतं, मला ठाऊक आहे. आणि आईच्या पोटी जो आलाच नाही, त्याच्या पुण्यतिथीला आज गाव जेवला, केसो. मी बुंदी वाढली. मला एक अध्याय हवा होता."

"मी आत्ता लिहून घेतो. सांग."

"आता नको. विसरली म्हणून तू मंगल केलंस. त्याच्यापुढं तो अध्याय बसायचा नाही."

नरसिंगरावांना खरंच दया आली होती. दयेचा उपद्रव रागापेक्षा जास्त असतो, हे मी पुढं बऱ्याचदा बघितलं. त्यांच्या मातोश्री काशीला निघाल्या होत्या. त्यांच्याबरोबर बुवांच्या बहिणीलाही नेऊ, गंगेवर चित्त शांत होईल, असा निरोप आला. तात्यांना नाही म्हणता आलं नाही. आत्या म्हणाली, "जाते. इथं घाटावर जाता-येता माणसं माझ्या पायांवर डोकं ठेवताना दिसतात. आधी हसू येतं. मग हसू राहत नाही."

घाटावर नाव लागायची होती. तिनं मला पायऱ्यांच्या कडेला घेतलं आणि कनवटीला लावलेला कापूस काढून माझ्या हातात दिला.

"म्हण," ती म्हणाली.

मी वळत गेले आणि म्हणत गेले. साही आले, आई त्यांना पोटाशी घेते, पाजते, सांज होते, आणि कृष्ण म्हणतो, आता त्यांना जाऊ दे. एके ठिकाणी चुकले, ते तिनं दुरुस्त केलं.

"आत्या, नावं तीनच आहेत. बाकीची तीन पोरं?"

"ती जागा मोकळीच आहे. जिची असतील तिनं घालावी."

"पण ती पोरं परत जातातच ना शेवटी?" मी विचारलं. "मग त्यांना आणलं कशाला?"

आत्या नदीकडं बघत होती. "मीही तापात होते, मैने. देवी मलाही आल्या होत्या. शुद्धीवर आले तेव्हा तीन अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली होती. कोण आधी गेला, कोण मागून, मला कुणी सांगितलं नाही. रडला का, आई म्हणाला का, तेही नाही." तिनं माझ्या हातातली वात घेऊन पीळ घट्ट केला. "माझ्या अध्यायात देवकी एकेकाला पाजते, तोंड पुसते आणि जा म्हणते. पोरं जातातच. पण तिला जा म्हणता आलं."

नाव आली. तात्या पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी वाकून आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्यांच्या पागोट्यावर हात ठेवला. "ऊठ," ती म्हणाली, "लोक बघतील." आणि थोडंसं हसलीही.

ती परत आली नाही. यात्रेकरू परतले, ते म्हणाले की नर्मदेच्या पलीकडं हगवणीची साथ आली, मुक्कामावर बऱ्याच बायका मागं राहिल्या. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून आत्यालाही तिथी नाही. तात्यांनी त्यानंतर देवकीचं आख्यान कधी लावलं नाही. कुणी आग्रह केला तर घसा बसलाय म्हणत. पिंपळाखालचा उत्सव मात्र दर साल वाढतच गेला.

या सगळ्याला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. पेशवाई गेली, इंग्रज आला. यंदा माझ्या नातवानं पुण्याहून छापील पोथी आणली: श्रीअश्वत्थस्वामीकृत देवकीआख्यान. शाईचा वास येतो, अक्षरं मोत्यांसारखी आहेत. पहिल्या पानावर जटा आणि दाढी असलेले स्वामीसुद्धा काढले आहेत. नातू श्रावणात ती मोठ्यानं वाचत असतो. बंदिशाळेची ओवी येते, तेव्हा मला माजघर दिसतं. आणि शेवटी साही बाळांची कहाणी विसरली ते येतं, त्याखाली समाप्त असं छापलं आहे.

त्याची बायको, मथू, नुकतीच बाळंत झाली. मूल आठवडाभर होतं. आता ती भिंतीकडं तोंड करून पडून असते. येणारी प्रत्येक बाई सांगून जाते, विसर बाई, तरुण आहेस, अजून होतील. मथूचं लुगडं छातीशी भिजतं आणि ती पदर ओढून घेते.

काल दुपारी मी कापूस घेऊन तिच्या उशाशी जाऊन बसले. दार लोटून घेतलं. वाती वळायला लागले आणि अध्याय म्हणायला लागले. हा अध्याय मी आजवर असाच म्हटला आहे, दारं लोटून, एकेकीपाशी. कुणाचा म्हणून कुणी विचारत नाही. उशीर कां रे केला, इथवर आले तेव्हा मथूनं माझ्याकडं तोंड केलं.

मोरू, धोंडू, भिकू झाले. मग माझी वेणू आली. भागवतात ते सगळे मुलगे होते, पण वेणू माझी होती, आणि मी तिला बसवलं आहे. मग मी थांबले.

"तुझ्या बाळाचं नाव काय?" मी विचारलं.

"नाव ठेवलं नव्हतं, आजी," मथू म्हणाली. "बारशाच्या आधीच..."

"मनात काय होतं?"

तिनं सांगितलं. इतकं हळू, की मला वाकून ऐकावं लागलं. मी ते नाव ओवीत घातलं आणि ओवी पुन्हा पहिल्यापासून म्हटली. ये रे म्हटलं, आतां प्या रे म्हटलं. मथूनं दोन्ही हात छातीशी धरले आणि ती मोठमोठ्यानं रडू लागली. मी थांबवलं नाही. रडणं ओसरल्यावर तिनं हात पुढं केला आणि सुपातून थोडा कापूस घेतला.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढं सांज होते," मी म्हणाले. "पण अजून वेळ आहे. पिऊ दे त्याला."